'पण' की 'आणि'? : नावात रंग असलेल्या काही चित्रपटांविषयी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामात मुलांचे शिबिर होते. भंडारा जिल्ह्यातील मे महिना कसा असतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. दुपारी वीज गेली, पंखे थांबले आणि धर्मशिक्षणाचा तास आम्हीच आटोपता घेतला. मुलांनी लगेच दोन गट पाडून एक खेळ मांडला. ज्याच्या नावात रंग आहे असा चित्रपट सांगायचा. जो गट अडेल तो हरला. 'नील कमल', 'लाल पत्थर', 'काला पानी', 'रंग दे बसंती', 'पिंक', 'गुलाबी' अशी नावे दोन्हीकडून येऊ लागली. हरत असलेल्या गटाला आम्ही हळूच 'तांबडी माती' सुचविले, तर समोरच्या गटाने ते मान्यच केले नाही. असा काही चित्रपट आहे, हे त्यांच्या कानावर आलेलेच नव्हते.

मग एका मुलाने 'काला!' असे ओरडून नववीतील एका मुलीकडे बोट दाखविले. सगळी मुले हसली. ती मुलगीही हसली. खरे सांगायचे तर सर्वांच्या आधी तीच हसली. त्या हसण्यात सवय होती, आणि आम्हांस ती सवयच अधिक लागली.

आम्ही त्या मुलास दटावले आणि खेळ पुढे चालू झाला. परंतु रात्री प्रार्थनेस बसलो असता एक गोष्ट ध्यानात आली. दटावणे सोपे होते, कारण बोट त्या मुलाचे होते. त्या मुलीला ती सवय मात्र एकट्या त्याने लावलेली नव्हती. आमच्याकडे दर नाताळात ख्रिस्तजन्माची नाटिका होते. पात्रांची यादी शेवटी आमच्याकडे मान्यतेसाठी येते. गेल्या अनेक वर्षांत मरियेच्या भूमिकेसाठी ज्या ज्या मुलीस आम्ही मान्यता दिली, ती प्रत्येक गोरी होती. सावळ्या मुली मेंढपाळांत उभ्या राहिल्या, आणि तीन ज्ञानी पुरुषांपैकी एक काळा दाखवितात म्हणून तेवढी एक जागा सावळ्या मुलाला हमखास मिळाली. हे कोणी ठरविले नव्हते. कोणी ठरविले नव्हते म्हणूनच ते इतकी वर्षे चालले.

उरलेल्या सुट्टीत आणि पावसाळ्यातील काही शनिवारी आम्ही सभागृहात पांढरी चादर बांधून त्या खेळातील काही चित्रपट थोरल्या मुलांबरोबर पाहिले. काही आम्ही एकट्यानेच पाहिले, तर काही पूर्वी पाहिलेले आठवून पाहिले. मुलांना करमणूक हवी होती. आमच्यापुढे एक प्रश्न होता : चित्रपटकर्ता आपल्या कृतीला रंगाचे नाव देतो, तेव्हा त्या रंगाचे तो पुढे काय करतो?

रंगाचे नाव हे हलके नाव नव्हे, हे आम्हां धर्मगुरूंना वेगळे शिकवावे लागत नाही. वर्षभर अंगावर रंग घेऊनच आम्ही वेदीपुढे उभे राहतो. सामान्य काळात हिरवा, आगमनकाळात व प्रायश्चित्तकाळात जांभळा, नाताळात व पुनरुत्थानाच्या सणात पांढरा, पवित्र आत्म्याच्या सणाला आणि हुतात्म्यांच्या स्मरणदिनी लाल. हे रंग शोभेसाठी नाहीत. आपण कोणत्या काळात उभे आहोत, हे ते निरक्षर माणसासही सांगतात. आणि त्यांचे अर्थ अचलही नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी शुभ शुक्रवारच्या उपासनेत काळी वस्त्रे असत. १९७० च्या नव्या मिस्साग्रंथात त्या दिवसाचा रंग लाल झाला. दिवस तोच, मरण तेच. रंग बदलला आणि त्या मरणाकडे केवळ शोक म्हणून न पाहता साक्ष म्हणून पाहण्यास आपण शिकलो.

दुसरी एक गोष्ट आम्हांस गुरुविद्यालयात मिळाली. जुना करार शिकत असताना एका अव्ययावर आमचा संपूर्ण तास गेला होता. 'गीतरत्ना'च्या पहिल्याच अध्यायात वधू आपल्या काळ्या वर्णाविषयी आणि आपल्या सौंदर्याविषयी एका दमात बोलते. या दोहोंना जोडणारे हिब्रू अक्षर असे आहे की त्याचा अर्थ 'आणि' असाही होतो व 'पण' असाही होतो. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'आणि' वाचले. संत जेरोमच्या लॅटिन भाषांतरात 'पण' आले, आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने शतकानुशतके ते 'पण'च गाइले. व्याकरणाने दोन्ही शुद्ध आहेत. परंतु 'पण' म्हटले की काळेपणा हा दोष ठरतो आणि सौंदर्य ही त्याची भरपाई ठरते. 'आणि' म्हटले की दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या म्हणून सारख्याच मानाने उभ्या राहतात. पुढे तीच वधू सांगते की, भावांनी तिला द्राक्षमळे राखावयास लावले म्हणून उन्हाने ती अशी झाली. तिचा वर्ण हा तिच्या कष्टांचा हिशेब आहे.

'पण' की 'आणि', हीच कसोटी आम्ही या चित्रपटांना लावून पाहिली.

प्रारंभ मुलांनी नाकारलेल्या नावापासून केला. 'तांबडी माती' हा भालजी पेंढारकरांचा १९६९ सालचा चित्रपट. दादा कोंडके प्रथम पडद्यावर आले ते यातच. 'आनंदघन' या नावाने त्याला संगीत देणाऱ्या संगीतकार म्हणजे लता मंगेशकर. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. एवढा लौकिक असलेला हा चित्रपट कृष्णधवल आहे. नाव तांबडे आणि पडदा करडा! रंगाची हौस मराठी चित्रपटाला तोपर्यंत नव्हती असे नाही. प्रभातने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी थेट जर्मनीपर्यंत मजल मारली होती, परंतु ते रंग काही साधले नाहीत. व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा'ने मराठी प्रेक्षकाला रंगांची खरी चटक लावली ती १९७२ मध्ये. म्हणजे १९६९ च्या प्रेक्षकाला नावातला तांबडा रंग स्वतःच्या पदरचा घालावा लागत होता. १९४७ चा 'नील कमल' किंवा देव आनंदचा १९५८ चा 'काला पानी' पाहणाऱ्यांचेही तेच.

एका मुलाने तक्रार केली, "फादर, माती तर राखाडी दिसते." मागे खुर्चीवर बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "माती काय पडद्यावर पाहाची रायते का बाबू?" चित्रपटसमीक्षेवरील पुष्कळ पुस्तकांत जे सापडणार नाही, ते या एका वाक्यात आहे. नावातला रंग हे प्रेक्षकाला दिलेले आमंत्रण असते. त्याने आपल्या जगण्यातला रंग घेऊन यावे, म्हणजे चित्र पुरे होते. रंगीत चित्रपटाने हे काम प्रेक्षकाच्या हातून काढून घेतले. त्यामुळे रंगीत युगात नावात रंग घालणाऱ्याची जबाबदारी वाढली. रंग तर आता दिसतोच आहे. मग त्याचे नाव घेऊन तुम्हांला अधिक काय सांगावयाचे आहे?

यश चोप्रांचा 'काला पत्थर' (१९७९) याला एक उत्तर देतो. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथील कोळशाच्या खाणीत पाणी शिरले आणि सुमारे पावणेचारशे कामगार मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचा आधार या चित्रपटाला आहे. नायक विजय हा एकेकाळचा जहाजाचा कप्तान. संकटकाळी प्रवाशांना सोडून तो जहाजावरून निघून गेला, आणि त्या लज्जेपायी त्याने स्वतःला खाणीच्या तळाशी जणू गाडून घेतले आहे. आमच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खनिज निराळे, परंतु पाळी संपवून आलेल्या माणसाचे हात कसे दिसतात, हे आमच्या मुलांना ठाऊक आहे. त्यामुळे हा चित्रपट त्यांना परका वाटला नाही.

या नावातल्या काळ्याला दोन अर्थ आहेत. एक कोळसा, दुसरा विजयच्या मनावरचा डाग. प्रारंभी दोन्ही एकच वाटतात : पाप काळे, म्हणून प्रायश्चित्तही काळ्यात. पण कॅमेरा जमिनीखाली उतरला की एक विलक्षण गोष्ट घडते. तेथे सर्वांचेच चेहरे काळे असतात. कप्तान कोण, मजूर कोण, पळून आलेला गुन्हेगार कोण, हे रंगावरून कळत नाही. ओळखायचे ते डोळ्यांवरून आणि आवाजावरून. खरा डाग आहे तो वर, स्वच्छ कपड्यांतल्या खाणमालकावर, ज्याला कोळसा दिसतो आणि माणसे दिसत नाहीत. मारामाऱ्या आणि गाणी यांनी या चित्रपटाचा बराच वेळ खाल्ला आहे, आणि ज्या दुर्घटनेपायी तो निर्माण झाला तिच्या वाट्याला शेवटचा भाग तेवढा आला आहे. तरीही 'पण'पासून निघून तो खाणीच्या तळाशी 'आणि'पर्यंत पोहोचतो. व्यावसायिक चित्रपटाच्या मानाने हे थोडे नव्हे.

संजय लीला भन्साळी यांचा 'ब्लॅक' (२००५) आमच्या मुलींना सर्वांत अधिक आवडला, आणि आमचा सर्वांत अधिक वाद झाला तोही त्याच्याविषयीच. हेलन केलरच्या चरित्रावरून स्फुरलेली ही कथा सिमल्यातील मॅकनॅली या अँग्लो-इंडियन कुटुंबात घडते. मिशेलला दिसत नाही, ऐकू येत नाही. देबराज सहाय हे शिक्षक तिला बोटांतून शब्द देतात, आणि पुढे त्यांचीच स्मृती नष्ट होते तेव्हा शिष्या गुरूला शब्द परत देऊ लागते. ख्रिस्ती वाचकाने येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती माणूस म्हणजे बहुधा दारूची बाटली घेऊन झुलणारा आणि मोडक्या हिंदीत विनोद करणारा, अशी आपली दीर्घकाळ ओळख होती. 'ब्लॅक'मधील घर हे साधे दुःखी घर आहे. त्या घराचे ख्रिस्तीपण विनोदासाठी वापरलेले नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

या चित्रपटाचे नाव अखेरीस उलगडते. मिशेलला पदवी मिळते, आणि तिच्या लेखी काळा हा केवळ अंधाराचा रंग उरत नाही. पदवीधराच्या झग्याचा, म्हणजे ज्ञानाचा आणि साध्य झालेल्या गोष्टीचा रंग ठरतो. शब्दांत 'आणि' आले. परंतु चित्राचे काय? सारा चित्रपट निळसर करड्या प्रकाशात न्हालेला आहे. बर्फ, उंच खिडक्या, झुंबरे, प्रत्येक वस्तू जागच्या जागी. जिला प्रकाश दिसत नाही तिच्या कथेत आम्हांस मात्र एक क्षणही अंधार सोसावा लागत नाही. राणी मुखर्जी यांचा अभिनय मोलाचा आहे, अमिताभ बच्चन यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तरी दिग्दर्शकाला काळ्याचे भय वाटत असावे अशी शंका येते. त्याने काळ्याला इतके नटविले की ते सुंदर दिसले 'पण' काळे उरले नाही. आमच्या एका विद्यार्थिनीचे मत असे पडले की, दुःखी माणसाला सुंदर घर का असू नये? तिचा प्रश्न योग्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की, सहन करण्याजोगे करण्यासाठी दुःखाला सजवावे लागत असेल, तर ते दुःख आपण अजून स्वीकारलेले नाही.

काळ्याचा सर्वांत रूढ वापर दिसतो तो अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे' या नावात. १२ मार्च १९९३, शुक्रवार. त्या दिवशी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे मारली गेली. एस. हुसेन झैदी यांच्या पुस्तकावरून केलेला हा चित्रपट न्यायालयीन अडथळ्यांमुळे २००७ साली प्रदर्शित होऊ शकला. हा मुलांसमवेत पाहण्याचा चित्रपट नव्हे. आम्ही तो एकट्यानेच पाहिला. वाईट दिवसाला काळा म्हणावे ही भाषेची जुनी खोड आहे, आणि हे नाव त्या खोडीतूनच आलेले आहे. चित्रपट मात्र आपल्या नावाहून शहाणा आहे. तो कोणालाही ठोकळ्यासारखा काळा किंवा पांढरा रंगवीत नाही. सूड घेणाऱ्याचा भेदरलेला चेहरा दाखवितो, चौकशी करणाऱ्याचा निर्दय हातही दाखवितो, आणि स्फोटांच्या आधीच्या दंगलींतील जळलेली घरेही विसरत नाही. आपल्याकडेही एक शुक्रवार आहे. त्या दिवशी निरपराध माणूस मारला गेला, आणि तरीही आपण त्याला 'शुभ' म्हणतो. त्या दिवसाला काळा म्हणून मोकळे होण्याची वाट आपल्या पूर्वजांनी सोडून दिली. दिवस काळे नसतात. आपण त्या दिवशी काय केले, एवढेच असते.

रंगाचा ठरीव अर्थ मोडणे म्हणजे काय, हे आम्ही प्रथम पाहिले ते पुण्यात, ईशज्ञानाचे विद्यार्थी असताना. तेथे क्रिश्तोफ किस्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाचा 'निळा' पाहण्याचा योग आला. फ्रान्सच्या ध्वजातील निळा, पांढरा व तांबडा हे तीन रंग आणि त्यांना चिकटलेली स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तीन मूल्ये घेऊन त्याने १९९३ व १९९४ या दोन वर्षांत तीन चित्रपट केले. याच दिग्दर्शकाने पूर्वी दहा आज्ञांवर दहा भागांची मालिका केलेली होती. 'निळा' या चित्रपटात ज्यूलीचा पती आणि लहान मुलगी मोटार अपघातात मरण पावतात. तिला आता कोणी नको, आठवण नको, संगीत नको. हेच तिचे स्वातंत्र्य. पण निळा रंग आणि अपुरे राहिलेले संगीत तिचा पिच्छा सोडत नाहीत. अखेरीस ते संगीत पूर्ण होते तेव्हा त्याचे शब्द असतात संत पौलाच्या, प्रीतीविषयीच्या त्या सुप्रसिद्ध अध्यायातले. निळा हा शोकाचा रंग म्हणून आरंभ पावतो आणि प्रीतीच्या हाती जाऊन थांबतो.

या तीनही चित्रपटांत एक दृश्य पुन्हा येते. एक वाकलेली वृद्ध व्यक्ती रस्त्यावरील उंच पेटीत रिकामी बाटली टाकू पाहते आणि तिचा हात पोहोचत नाही. 'निळा'मध्ये ज्यूली डोळे मिटून उन्हात बसलेली आहे, तिला वृद्धा दिसत नाही. 'पांढरा'मध्ये नायकाला दिसते आणि तो किंचित हसतो. 'तांबडा'मध्ये व्हॅलेंटाइन उठून जाते आणि बाटली आत ढकलते. तीन रंगांवरचे सारे भाष्य या तीन लहान प्रसंगांत आहे. रंग ध्वजावर राहिला तर तो घोषणा असतो. कोणी उठून गेले, तर तो खरा होतो.

ठरीव अर्थ मोडण्याचा असाच एक प्रयत्न २०१६ च्या 'पिंक'ने केला. गुलाबी म्हणजे मुलींचा, नाजूक, निरुपद्रवी रंग, अशी आपली समजूत. हा चित्रपट त्या नावाखाली तीन मुलींना न्यायालयात उभे करतो आणि त्यांच्या नकाराला नकारच समजावे, एवढी साधी मागणी करतो. त्यांतील अँड्रिया मेघालयातील आहे, आणि तिच्या चेहऱ्यामोहऱ्यावरून लोक तिच्याविषयी काय काय ठरवितात, हेही तो दाखवून जातो. नावाचा खुलासा चित्रपटात कोठेही केलेला नाही. प्रेक्षकाने तो स्वतः करावा, हे सौजन्य आम्हांस आवडले.

आता ज्या नावावरून हे सारे सुरू झाले त्या 'काला'कडे (२०१८) वळू. पा. रंजित यांचा हा तमिळ चित्रपट मुंबईच्या धारावीत घडतो. रजनीकांत यांचा करिकालन, म्हणजे काला, काळे कपडे घालतो, काळ्या माणसांच्या वस्तीत राहतो आणि काळा हा श्रमाचा रंग आहे असे ठामपणे मानतो. समोर नाना पाटेकर यांचा हरिदादा : पांढरे कपडे, पांढरे घर, ओठांवर शहर स्वच्छ करण्याची भाषा. स्वच्छतेच्या नावाखाली वस्तीच पुसून टाकण्याचा त्याचा बेत आहे. हा खलनायक मराठी आडनावाचा आहे याचे काही वाचकांस वाईट वाटेल. आम्हांस तसे वाटले नाही. आरसा कोणत्या भाषेत आहे हे पाहत बसू नये.

या चित्रपटाचे धैर्य असे की त्यात 'पण'चा मागमूस नाही. काला आपल्या काळेपणाची भरपाई कशानेही करीत नाही. ना गोऱ्या नायिकेने, ना अखेरीस उजळलेल्या मुखड्याने. मुले टाळ्या वाजवीत होती. ज्या मुलाने बोट दाखविले होते त्याची टाळी सर्वांत मोठी होती, आणि त्यामुळेच आम्ही थोडे सावध झालो. काळ्याला नायक आणि पांढऱ्याला खलनायक केले की नाणे उलटते, चलन तेच राहते. रंगावरून माणूस ओळखण्याची रीत कायम राहते. रंजित यांना ही अडचण जाणवली असावी, कारण शेवटच्या संघर्षात पडदाभर काळा, तांबडा, निळा असे रंग उधळले जातात आणि कोण कोणत्या रंगाचा हेच उरत नाही. चित्रपटाचा हा भाग त्याच्या घोषणांहून मोठा आहे.

शेवटच्या शनिवारी आम्ही खेळाचा नियम मोडला. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१४) लावला. त्याच्या नावात रंग नाही. कैकाडी भाषेत त्याचा अर्थ डुक्कर. परंतु मराठीत काळ्या रंगाविषयी याहून खरे काही आम्ही पाहिलेले नाही. जब्या हा पोर रानोमाळ काळी चिमणी शोधीत हिंडतो. तिची राख शालूवर टाकली की शालू वश होईल, असे त्याला कोणी सांगितले आहे. शालू गोरी, वरच्या जातीची. काळी चिमणी हाती लागत नाही. लागते ते डुक्कर, जे त्याच्या कुटुंबाला सर्व गावादेखत, शालूदेखत पकडावे लागते. ते खांद्यावर घेऊन निघालेली माणसे शाळेच्या भिंतीवरील थोर पुरुषांच्या चित्रांपुढून जातात. दिग्दर्शक त्यावर एक शब्दही बोलत नाही. अखेर जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ आपल्या दिशेने येतो. येथे 'पण'ही नाही आणि 'आणि'ही नाही. येथे वाक्यच अर्धे सोडलेले आहे, आणि ते पूर्ण करण्याचे काम प्रेक्षकावर टाकलेले आहे.

दिवे लागले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. नववीतील ती मुलगी चादरीची घडी घालू लागली आणि घडी घालता घालता तिने विचारले, "फादर, तो दगड कोणाला मारला त्याने?" आम्ही उत्तर दिले नाही. देता आले असते, पण ते चित्रपटाविषयीचे उत्तर झाले असते.

आपली भाषा या बाबतीत आपल्याहून उदार आहे, हे आम्हांस या निमित्ताने उमगले. जुन्या मराठीत गावाची वस्ती ती 'पांढरी' आणि गावाची शेती ती 'काळी'. पांढरीत माणूस राहतो आणि काळीवर जगतो. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो तेव्हा तो मध्ये 'पण' घालीत नाही. आमच्या जिल्ह्यात तर मातीच्या प्रत्येक छटेला नाव आहे. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावे घेताना धानकरी मातीचा रंग पाहून तिचे मोल करतो, आणि काळ्या कन्हाराला तो उणे लेखीत नाही. मराठी संतांनी सावळ्या विठ्ठलाकडे पाहताना हे 'पण' कधी मध्ये येऊ दिले नाही. आषाढात बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या आमच्या मातांची पाठ ज्या उन्हाने रापते, त्याच जातीच्या उन्हाने 'गीतरत्ना'तील वधूही रापली होती. एवढे सारे भाषेत, भक्तीत आणि पवित्र ग्रंथात असताना लग्नाच्या जाहिरातीत आणि नाताळच्या नाटिकेत ते 'पण' कोठून येते? ते आम्हीच आणतो.

किस्लोव्स्कीच्या पोलंडमध्ये चेन्स्तोहोवा येथे मरियामातेची जी प्रतिमा आहे ती कृष्णवर्ण आहे, आणि सारे राष्ट्र तिच्यापुढे गुडघे टेकते. नाझरेथ गावातील ती यहुदी मुलगी विहिरीवरून पाणी आणीत असेल, उन्हात वावरत असेल. आमच्या वेदीवरील प्लास्टरची गुलाबी मूर्ती मात्र सावलीत घडलेली आहे. त्या मूर्तीवर आमचे प्रेम आहे आणि राहील. परंतु तिच्या गालांचा रंग ही नाटिकेतील निवडीची अट कधी झाली, हे आम्हांस आठवत नाही.

आगमनकाळापूर्वी यंदाची यादी आमच्या मेजावर येईल. त्या मुलीला मरियेचे काम देऊन टाकावे, असा मोह आम्हांस झाला होता. मग लक्षात आले की ती काळी आहे म्हणून तिला निवडणे हेही एक 'पण'च आहे, फक्त दयेच्या वेषातले. म्हणून यंदा आम्ही इतकेच ठरविले आहे की, इच्छा असेल त्या प्रत्येक मुलीने देवदूताच्या निरोपाचा संवाद वाचावा, आणि आम्ही पाठमोरे बसून ऐकावे. ज्या आवाजात भीती आणि होकार एकत्र ऐकू येईल, तो आवाज त्या भूमिकेचा. तो कोणाचा असेल, हे आज आम्हांस ठाऊक नाही. इतक्या वर्षांत प्रथमच ठाऊक नाही, हे मात्र नमूद करून ठेवतो.